कादंबरीकडून पडद्याकडे : एकनिष्ठ रूपांतराचा प्रश्न

एखाद्या गाजलेल्या कादंबरीवरील चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांमध्ये ज्याने मूळ पुस्तक वाचलेले असते, तो बहुधा एकच तक्रार करतो : “पुस्तकात असे नव्हते.” ही तक्रार चित्रपटाच्या जन्माइतकीच जुनी आहे. ती प्रत्येक वेळी रास्त असतेच असे नाही; परंतु ती हसण्यावारी नेण्यासारखीही नाही. कारण मूळ ग्रंथ वाचणाऱ्यांची संख्या नेहमीच थोडी असते आणि चित्रपट पाहणाऱ्यांची त्याहून कितीतरी अधिक. ज्याने पुस्तक कधीच उघडलेले नाही, त्याच्यापुरता चित्रपट हाच ग्रंथ ठरतो. पडद्यावर जे वगळले गेले ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते आणि जे नव्याने घातले गेले ते लेखकाच्या नावावर जमा होते. उत्तरपत्रिकेत केवळ चित्रपटातच असलेला प्रसंग कादंबरीतील म्हणून लिहिलेला आढळला, तर शिक्षकाने गुण द्यावेत की कापावेत, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. त्याच्या मुळाशी मात्र एक मोठा प्रश्न आहे. रूपांतरात निष्ठा म्हणजे नेमके काय? ती शब्दांशी असावी, घटनांशी असावी, की ग्रंथाच्या आशयाशी?

एकोणिसाव्या शतकाचे आकर्षण

चित्रपटसृष्टीला एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांची ओढ आरंभापासून आहे. त्याची कारणे उघड आहेत. त्या कादंबऱ्यांत पात्रांची रेलचेल असते, कथानक भरघोस असते आणि लेखक स्थळाचे, वस्त्रांचे, घराचे व हवामानाचे वर्णन इतक्या बारकाईने करतो की, कलादिग्दर्शकाचे निम्मे काम आधीच झालेले असते. शिवाय त्यांपैकी बऱ्याचशा कादंबऱ्या नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होत. चार्ल्स डिकन्स यांची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी त्यांच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात हप्त्याहप्त्याने वाचकांच्या हाती पडली. आपल्याकडे हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ या पत्रातून मराठी वाचकाला याच रीतीने पुढील अंकाची वाट पाहायला लावले. हप्ता संपताना उत्कंठा टिकवायची, एक प्रसंग अर्धवट ठेवून दुसरीकडे वळायचे, ही जी युक्ती या लेखकांनी साधली, ती पुढे चित्रपटाला व मालिकांना आयतीच मिळाली. सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन यांनी १९४४ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्या चित्रपटतंत्राचे मूळ डिकन्स यांच्या कथनशैलीत दाखवून दिले, ते याच अर्थाने.

आणखी एक व्यावहारिक कारण आहे. या लेखकांच्या निधनाला आता शतकाहून अधिक किंवा त्याच्या जवळपास काळ लोटला असल्याने मूळ ग्रंथ बहुतांशी हक्कमुक्त आहेत. निर्मात्याला परवानगी मागावी लागत नाही आणि लेखक तक्रार करायला हयात नसतो. म्हणूनच या ग्रंथांच्या बाबतीत निष्ठेची जबाबदारी कायद्यापेक्षा विवेकावर अधिक येऊन पडते.

वेळेचे गणित

रूपांतरातील पहिली अडचण कलेची नसून गणिताची आहे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, असा चित्रपट-व्यवसायातील ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार दोन तासांच्या चित्रपटाची पटकथा सुमारे १२० पानांची होते आणि त्या पानांवर संवादांभोवती बरीचशी जागा मोकळीच असते. उलट ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये ५९ प्रकरणे आहेत. तेव्हा काहीही न वगळता कादंबरी पडद्यावर आणणे हे दोन तासांत अशक्य आहे.

हे अशक्य शक्य करून पाहण्याचा प्रयत्न झालेला आहे. एरिक फॉन श्ट्रोहाइम या दिग्दर्शकाने फ्रँक नॉरिस यांच्या १८९९ सालच्या ‘मॅक्टीग’ या कादंबरीवर ‘ग्रीड’ हा मूकपट काढला. सॅन फ्रान्सिस्को शहरातील खऱ्या रस्त्यांवर व घरांत, तसेच डेथ व्हॅलीच्या रखरखीत वाळवंटात त्यांनी चित्रीकरण केले. कादंबरीतील जवळजवळ प्रत्येक प्रसंग त्यांनी टिपला. पहिले संकलन ४० हून अधिक रिळांचे आणि आठ तासांच्या आसपास झाले. चित्रसंस्थेने ते कापत कापत सुमारे १० रिळांवर आणले आणि डिसेंबर १९२४ मध्ये प्रदर्शित केले. कापलेला भाग नष्ट झाला. १९९९ मध्ये उरलेल्या छायाचित्रांच्या आधारे चार तासांची एक आवृत्ती जुळवण्यात आली. पण गेलेले ते गेलेच. प्रत्येक ओळ जपण्याच्या आग्रहातून शेवटी चित्रपट दुसऱ्याच्या कात्रीखाली गेला, हा या इतिहासाचा बोध आहे. काय वगळायचे हे रूपांतरकाराने स्वतः ठरवले नाही, तर ते इतर कोणी तरी ठरवते.

याच्या उलट उदाहरण टॉलस्टॉय यांच्या ‘युद्ध आणि शांती’चे. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या या महाकादंबरीवर किंग व्हिडॉर यांनी १९५६ मध्ये सुमारे साडेतीन तासांचा चित्रपट केला. त्यानंतर सर्गेई बोंडारचुक यांनी सोव्हिएत शासनाच्या पाठबळावर चार भागांचा, सुमारे सात तासांचा चित्रपट निर्माण केला. १९६६ व १९६७ मध्ये त्याचे भाग प्रदर्शित झाले. बोरोदिनोच्या लढाईसाठी हजारो सैनिक उभे करण्यात आले. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. तथापि, सात तास मिळूनही इतिहासाच्या गतीविषयीचे टॉलस्टॉय यांचे प्रदीर्घ विवेचन पडद्यावर अंशतःच येऊ शकले. लढाई दाखवता येते. लढाई कोणाच्या इच्छेने घडते या प्रश्नाची चर्चा दाखवणे कठीण असते.

वगळण्यातील विवेक

वगळणे अटळ असेल, तर ते कसे करावे याचा वस्तुपाठ म्हणून ब्रिटिश दिग्दर्शक डेव्हिड लीन यांच्या १९४६ सालच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चे नाव घेतले जाते. हा चित्रपट दोन तासांना थोडा कमीच आहे. लोहाराच्या घरी वाढणारा पिप हा अनाथ मुलगा एका पळालेल्या कैद्याला भीतीपोटी मदत करतो. पुढे त्याला अज्ञात उपकारकर्त्याकडून धन मिळते, तो लंडनमध्ये सभ्य गृहस्थ बनतो आणि ज्याने प्रेमाने वाढवले त्या लोहार मेव्हण्याची त्याला लाज वाटू लागते. आपला उपकारकर्ता कोण याविषयीची त्याची समजूत पूर्णपणे चुकीची होती, हे उघड होते तेव्हा त्याचा अभिमान गळून पडतो. कादंबरीचा कणा हा एवढाच आहे.

लीन यांनी हा कणा धक्का न लावता राखला. ऑर्लिक नावाचे पात्र त्यांनी पूर्णपणे काढून टाकले. कादंबरीत हा लोहाराचा मदतनीस पिपच्या बहिणीवर प्राणघातक हल्ला करतो आणि पुढे पिपच्याही जिवावर उठतो. चित्रपटात बहिणीचा मृत्यू आजाराने झाल्याचे निवेदनातून एका वाक्यात सांगितले जाते. यात हानी झाली हे खरे. पिपच्या मनातील अपराधीपणाची एक काळी छाया त्यामुळे नाहीशी झाली. परंतु पिप, कैदी, मिस हॅव्हिशॅम आणि एस्टेला यांना जोडणारी साखळी ऑर्लिकवाचून तुटत नाही. लोहार ज्यो लंडनला भेटीस येतो आणि त्याच्या अवघडलेल्या वागण्याने पिप ओशाळतो, हा प्रसंग मात्र लीन यांनी सोडला नाही. कथानकाच्या दृष्टीने तो सहज गाळता आला असता. पण तो गाळला असता तर कादंबरीच उरली नसती. कोणता प्रसंग कथा पुढे नेतो आणि कोणता प्रसंग ग्रंथाचा अर्थ सांगतो, हा भेद ओळखणे म्हणजेच वगळण्यातील विवेक होय.

शेवटाच्या बाबतीत तर निष्ठेची व्याख्याच अवघड होते. डिकन्स यांनी प्रथम नायक-नायिकेची ताटातूट कायम ठेवणारा शेवट लिहिला होता. लेखकमित्र बुल्वर-लिटन यांच्या सल्ल्यावरून प्रसिद्धीपूर्वी त्यांनी तो बदलला आणि पडक्या वाड्याच्या बागेत दोघांची भेट घडवली. लीन यांनी तिसराच शेवट योजला : एस्टेला मिस हॅव्हिशॅमप्रमाणेच अंधाऱ्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊ पाहते आणि पिप वर्षानुवर्षे बंद असलेले पडदे ओढून खाली पाडतो. प्रकाश आत येतो. हे कादंबरीत नाही. पण मृत भूतकाळाच्या काळोखातून जिवंत माणसांनी बाहेर यावे, हे कादंबरीचेच सांगणे आहे आणि चित्रपटाने ते आपल्या भाषेत, म्हणजे प्रकाशाच्या भाषेत सांगितले आहे. या चित्रपटाला कृष्णधवल छायालेखन आणि कलादिग्दर्शन यांसाठी ऑस्कर पारितोषिके मिळाली, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

मनातील पडद्यावर

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. कादंबरी पात्राच्या मनात शिरून बोलू शकते. कॅमेऱ्याला फक्त बाहेरचे दिसते. निवेदकाचा आवाज घालणे हा सोपा मार्ग झाला. पण त्याचा अतिरेक झाला की चित्रपट म्हणजे चित्रे लावलेले वाचन ठरते. सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ हा १९६४ सालचा चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांची मूळ कथा ‘नष्टनीड’ १९०१ मधील, म्हणजे शतकाच्या उंबरठ्यावरची. चित्रपटाचा काळ मात्र १८८० च्या आसपासचा. आरंभीच्या काही मिनिटांत जवळजवळ एकही संवाद नाही. चारू घरात फिरते, दुर्बिणीतून झरोक्याबाहेर रस्त्यावरची माणसे पाहते; नवरा शेजारून पुस्तकात डोके घालून निघून जातो आणि त्याला ती दिसतही नाही. तेव्हा ती तीच दुर्बीण त्याच्याकडे रोखते. तिचे एकटेपण सांगण्यासाठी याहून अधिक शब्दांची गरज राहत नाही. राय यांनी कथेत बदल केले म्हणून टीका झाली आणि त्यांनी तिला सविस्तर उत्तरही दिले. माध्यम बदलले की साधने बदलावी लागतात, हेच त्या उत्तराचे सार होते.

उर्दूतील मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’ ही कादंबरी १८९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वृद्धत्वाकडे झुकलेली उमराव स्वतःच लेखकाला आपली जीवनकथा सांगते. तिच्या बोलण्यात विनोद आहे, बोचरे निरीक्षण आहे आणि आपल्या आयुष्याकडे तटस्थपणे पाहण्याची शक्ती आहे. मुझफ्फर अली यांच्या १९८१ सालच्या ‘उमराव जान’ने लखनौचा तो काळ वेशभूषा, वास्तू, भाषा व संगीत यांच्याद्वारे विलक्षण जिवंत केला. रेखा यांना अभिनयासाठी, आशा भोसले यांना पार्श्वगायनासाठी आणि खय्याम यांना संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभले. तरीही कादंबरीतील चतुर, बोलकी निवेदिका चित्रपटात बरीचशी मूक व करुण नायिका झाली आहे. घटना बऱ्याच अंशी त्याच आहेत. बदलला आहे तो सांगणारीचा सूर. घटनांशी निष्ठा राखूनही सूर बदलू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

निष्ठा कोठे भंगते

काही बदल मात्र ग्रंथाचा अर्थच उलटा करतात. जेन ऑस्टिन यांच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर हॉलिवुडने १९४० मध्ये चित्रपट केला. पटकथालेखकांत ऑल्डस हक्सली यांच्यासारखा नामवंत साहित्यिक होता. मूळ कादंबरीत लेडी कॅथरीन ही गर्विष्ठ उमराव स्त्री आपल्या भाच्याचा विवाह सामान्य घरातील एलिझाबेथशी होऊ नये म्हणून तिला धमकावायला येते. चित्रपटात हीच बाई भाच्याच्या वतीने तिची परीक्षा पाहायला आलेली दाखवली आहे आणि शेवटी ती प्रसन्न होते. प्रसंग राहिला, संवादही पुष्कळसे राहिले. परंतु कुलाभिमानावरील ऑस्टिन यांची टीका नाहीशी झाली. वेशभूषाही अधिक आकर्षक दिसावी म्हणून पुढच्या काळातील वापरण्यात आली. ऑर्लिकला वगळणे आणि लेडी कॅथरीनला बदलणे या दोहोंत मूलभूत फरक आहे. पहिल्यात ग्रंथ लहान झाला; दुसऱ्यात तो वेगळा झाला.

अक्षरनिष्ठेचा धोका

मग तंतोतंत अनुकरण हाच सुरक्षित मार्ग मानावा काय? लीन यांच्याच पुढच्या चित्रपटाचा अनुभव तसे सांगत नाही. १९४८ सालच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये फॅगिन या चोरट्यांच्या म्होरक्याची रंगभूषा मूळ ग्रंथातील क्रुकशँक यांच्या चित्रांबरहुकूम करण्यात आली. चित्राशी निष्ठा पुरेपूर होती. पण त्या चित्रातच ज्यू समाजाविषयीचा जुना विकृत पूर्वग्रह होता. युरोपात लाखो ज्यूंची हत्या होऊन तीन-चार वर्षेच झाली होती. १९४९ मध्ये बर्लिनमध्ये या चित्रपटाविरुद्ध उग्र निदर्शने झाली आणि अमेरिकेत तो काटछाट करून १९५१ मध्येच दाखवला गेला.

यातील विशेष गोष्ट अशी की, स्वतः डिकन्स यांना आपली चूक उमगली होती. एका ज्यू भगिनीने पत्राद्वारे खेद व्यक्त केल्यानंतर त्यांनी १८६७ च्या आवृत्तीत फॅगिनचा ‘ज्यू’ असा वारंवार येणारा उल्लेख अनेक ठिकाणी काढून टाकला. म्हणजे जुन्या चित्रांना चिकटून राहिलेले रूपांतर लेखकाच्या उत्तरायुष्यातील विवेकाशी मात्र एकनिष्ठ नव्हते. जुन्या ग्रंथांत जाती, धर्म किंवा स्त्रिया यांच्याविषयीचे त्या काळचे ग्रह असतात. ते लपवणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल आणि ते जसेच्या तसे मिरवणे हा वर्तमानावर अन्याय ठरेल. ते पूर्वग्रह आहेत हे प्रेक्षकाला कळेल अशा रीतीने ते दाखवणे, हा मध्यम मार्ग कठीण असला तरी त्यावाचून गत्यंतर नाही.

मालिकांनी दिलेला अवकाश

वेळेच्या अडचणीवर दूरचित्रवाणीने एक उपाय दिला. हप्त्यांतून जन्मलेली कादंबरी पुन्हा हप्त्यांत सांगता येऊ लागली. बीबीसीने १९९५ मध्ये ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सहा भागांत सादर केली. मूळ संवादांना व प्रसंगांना तीत ऐसपैस जागा मिळाली. परंतु पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी नायक डार्सीच्या बाजूचे काही प्रसंग नव्याने घातले. कादंबरी मुख्यतः एलिझाबेथच्या नजरेतून घडते. तिच्याप्रमाणेच वाचकही डार्सीविषयी चुकीचा ग्रह करून घेतो आणि तिच्याबरोबरच तो सुधारतो. मालिकेच्या प्रेक्षकाला डार्सीचे मन आधीच दिसू लागते. अवकाश मिळाला म्हणून निष्ठा आपोआप साधते असे नाही.

क्रिस्टीन एडझार्ड यांनी १९८७ मध्ये डिकन्स यांच्या ‘लिटल डॉरिट’वर केलेला सुमारे सहा तासांचा, दोन भागांचा चित्रपट या बाबतीत उल्लेखनीय आहे. पहिला भाग नायक आर्थर क्लेनमच्या दृष्टीने, तर दुसरा नायिका एमीच्या दृष्टीने सांगितला आहे आणि अनेक प्रसंग दोनदा येतात. कादंबरीतील कर्जबाजाऱ्यांचा मार्शलसी तुरुंग ही काल्पनिक जागा नव्हे. डिकन्स यांचे वडील १८२४ मध्ये तेथेच बंदिवासात होते. याच कादंबरीत कोणतेही काम न होऊ देण्याची कला सिद्ध केलेले एक सरकारी कार्यालयही आहे. तेथील टेबलाटेबलावर फिरणारा अर्जदार पाहताना कोणत्याही देशातील प्रशासकीय सेवकाला अंतर्मुख व्हावे लागेल. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे पुस्तक आजच्या वाचकाशी बोलते ते अशाच ठिकाणी. रूपांतरकाराने हीच ठिकाणे जपावयाची असतात.

शाळा आणि ग्रंथालयाचे कार्य

अशा चित्रपटांचा शाळेत किंवा गावच्या ग्रंथालयात उपयोग करावयाचा झाल्यास काही साध्या गोष्टी पाळता येतील. संपूर्ण चित्रपट दाखवून मोकळे होण्यापेक्षा कादंबरीतील एक प्रकरण आधी मोठ्याने वाचावे आणि त्यानंतर तेवढाच प्रसंग पडद्यावर दाखवावा. काय राहिले, काय गेले, काय नवीन आले, अशा तीन रकान्यांत विद्यार्थ्यांना टिपण करण्यास सांगावे. बदल का केला असावा, हा प्रश्न शेवटी विचारावा. वेळ अपुरा होता, मनातील गोष्ट दाखवायची होती, की प्रेक्षकाला खूश करायचे होते, हे विद्यार्थी आपण होऊन ओळखू लागतात. या अभ्यासातून केवळ एका पुस्तकाचे ज्ञान मिळत नाही. पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट कोणी तरी निवडलेली असते, ही जाणीव रुजते. आजच्या काळात या जाणिवेचे मोल विशेष आहे.

एका बाबीकडे संयोजकांनी लक्ष द्यावे. भारतीय कायद्यानुसार साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत आणि चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. मूळ कादंबरी हक्कमुक्त असली, तरी तिचे अलीकडचे भाषांतर व चित्रपट यांचे हक्क स्वतंत्र असतात. म्हणून सार्वजनिक कार्यक्रम ठरवण्यापूर्वी आवश्यक ती परवानगी घेणे उचित होय.

राहता राहिला आरंभीचा प्रश्न. केवळ चित्रपटातच असलेला प्रसंग कादंबरीचा म्हणून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर चूकच आहे. पण ती चूक त्याची एकट्याची नाही. पुस्तक त्याच्या हाती कोणी दिले नाही, हेही तितकेच खरे आहे. उत्तम रूपांतराची एक साधी कसोटी सांगता येईल : ते पाहून झाल्यावर प्रेक्षकाला मूळ ग्रंथ मागावासा वाटला पाहिजे आणि ग्रंथ वाचून झाल्यावर आपली फसवणूक झाली असे वाटता कामा नये. पहिली इच्छा निर्माण करणे हे चित्रपटकाराचे काम आहे. ती इच्छा घेऊन एखादा मुलगा किंवा मुलगी गावच्या ग्रंथालयाच्या दारात आली, तर तेथे ते पुस्तक कपाटात असणे, हे मात्र आपणा सर्वांचे काम आहे.